अकरा सेकंदांची आई

चौथेकाकांनी शेवटी त्या कागदावर सही केली. गुरुवारी सकाळी साडेनऊला, निळ्या शाईने, नावातलं एकही अक्षर न गाळता. पण सध्या तरी सही झालेली नाही असंच धरून चालायचं आहे, कारण खुद्द काकांचं म्हणणं तेच आहे. कसला कागद? कसली सही?

तर सही झालेली नव्हती, आणि काका मागच्या पायरीवर उकिडवे बसून नऊ पिल्लांपुढे फोन धरत होते.

पिल्लं ताटलीसमोर उभी होती आणि खात नव्हती. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून तांदळाच्या कणीत कालवलेला होता. वर कालव्यातली नाळीची भाजी इतकी बारीक चिरलेली, की चौथी काकू हयात असती तर तिने विचारलं असतं, हा पुरुष कोण आणि माझ्या घरात काय करतोय. शेजारी वाडग्यात पाणी. कारण हंसाच्या पिल्लाला घासागणिक घोट लागतो, नाहीतर कोरडी कणी नरड्यात अडकून ते बसल्या जागी मरतं. सगळं जिथल्या तिथे होतं. पिल्लांनी ताटलीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि फोनकडे बघून माना उंच केल्या.

काकांनी अंगठ्याने काच दाबली.

“बा, जेवलात का?” फोन म्हणाला. “नुसत्या मिठाबरोबर भात उरकू नका. भाजी करा. आणि हळू जेवा हो, कुणी पळवत नाही. बरं, ठेवते.”

‘जेवलात’ या शब्दाला पिल्लं ताटलीवर तुटून पडली. ‘ठेवते’ला सगळ्यांनी एकदम माना वर केल्या आणि कुणी तरी फसवल्यासारखा आरडाओरडा केला. काकांनी पुन्हा अंगठा दाबला. निरोप अकरा सेकंदांचा होता. एका जेवणाला तो वीसेक वेळा लावावा लागे, आणि पिल्लांची दिवसाला सहा जेवणं होती.

“जेवले गं बाई, जेवले!” कालव्यापलीकडच्या दुकानातून सातवी मावशी ओरडली. “सकाळपासून साठदा जेवले तुझे बा! आता पोट फुटून मरतील!”

खालून जाणाऱ्या होडीतल्या कुणीतरी वल्हं न थांबवता म्हटलं, “मी पण जेवलो हो.”

दूर पूर्वेच्या, कालव्यांच्या मुलखातल्या त्या वस्तीत माणसाला नाव असतं ते सरकारी कागदापुरतं. एरवी भावंडांत जो नंबर, तीच हाक. त्यातही ‘पहिला’ कुणी नसतो. थोरल्यालाच ‘दुसरा’ म्हणायचं, म्हणजे नजर लावणारं जे काही फिरत असतं त्याला वाटावं की पहिला कुणी आधीच घेऊन गेला. त्यामुळे चौथेकाका हे खरं तर तिसरं अपत्य, आणि सातवी मावशी सहावं. शेंडेफळाला नंबरच नसतो. ते नुसतं ‘धाकटं’. फोनमधून बोलत होती ती काकांची धाकटी, आणि एकुलतीही, लाय. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती तैवानात गेली. हा निरोप तिथल्या पहिल्या वर्षातला, आणि तो काकांनी फोनमधून कधी पुसला नव्हता. पुसायचा कसा हे त्यांना माहीत नव्हतं, असं ते सांगत.

आता हंस म्हटलं की वाचणाऱ्याला सरस्वती आठवेल आणि दूध-पाणी वेगळं करणारी ती नामांकित चोच आठवेल. हे ते हंस नव्हेत. हे घरगुती. मोठे झाले की दारात उभे राहून पाहुण्यांच्या पोटऱ्या धरतात, सापाला अंगणात पाऊल ठेवू देत नाहीत (सापाला पाऊल नसतं ही वेगळी गोष्ट) आणि सगळ्या कालव्याची दुपारची झोप मोडतात. आणि आत्ता तर ती मुठीएवढी पिवळी पिल्लं होती. दूध-पाणी दूरच, त्यांना कणी आणि वाळूसुद्धा निवडता येत नव्हती.

खरं म्हणजे ती पिल्लं व्हायचीच नव्हती. ती खायची अंडी होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिथेही आहे. आणि पोटुशी बाईने हंसाची अंडी खाल्ली की मूल हुशार निघतं, हे तर तिथल्या शाळामास्तरांनाही मान्य आहे. मुलगा हवा तर सात अंडी, मुलगी हवी तर नऊ. लायने “बा, मी पाचव्या महिन्यात येते” असं सांगितलं त्याच दिवशी काका सातव्या मावशीकडे गेले आणि नऊ अंडी सांगून आले.

“नऊ?” मावशीने भुवया उडवल्या होत्या. “जावयाला विचारलंस का?”

“जावयाला काय विचारायचं, अंडी काय तो घालणार आहे?”

अंडी आली. काकांनी ती भाताच्या तुसाने भरलेल्या टोपलीत मांडून मागच्या पडवीत ठेवली. लाय आली नाही. तिकीट महाग झालं होतं. मग तिला कामावरून सुट्टी मिळाली नाही. मग डॉक्टर म्हणाले, जरा थांबा. इकडे मावशीच्या एका काळ्या बदकीला टोपली आवडली आणि ती कुणालाही न विचारता नऊ अंड्यांवर जाऊन बसली. काकांनी तिला एकदा उठवायचा प्रयत्न केला. तिने त्यांच्या मनगटाचं मांस धरून पीळ दिला. तेव्हा काकांनी मनाची समजूत घातली, की बरंच आहे, राखण होतेय. लाय येईपर्यंत अंडी जपून राहतील. महिनाभर बदकीच्या पोटाखाली ठेवलेलं अंडं ताजं राहतं असं मानणारा माणूस त्या जिल्ह्यात तरी दुसरा नसावा.

एकतिसाव्या दिवशी लायचा फोन आला. पडवीत, टोपलीपाशीच काय ती धड रेंज येई. बोलणं लांबतंय हे पाहून काकांनी फोन मोठ्या आवाजावर करून टोपलीच्या कडेला टेकवला, आणि ते शेजारी बसले. लाय सदतीस मिनिटं बोलली. काका चार वेळा ‘हं’ म्हणाले.

ती म्हणाली, बा, मला येता येणार नाही. तिथली व्हायचं तर आधी इथली नसायला लागतं. दोन्हीकडचं म्हणून राहता येत नाही. तिथलं नागरिकत्वाचं कार्ड मिळालं की कामावर विमा, बाळाला दवाखाना, सगळं सोपं. मधले सात-आठ महिने ती कुठलीच नसेल, आणि कुठल्याच नसलेल्या माणसाला विमानात घेत नाहीत. म्हणजे बाळंतपण तिकडेच. पुढच्या वर्षी आम्ही दोघं येतो, बा. तिघं. फक्त एक कागद येईल, कुटुंबवहीतून माझं नाव कमी करायचा. कुटुंबप्रमुख म्हणून तुमची सही लागेल. ऐकताय ना?

“हं,” काका म्हणाले. तो चौथा.

ती अजून बोलतच होती तेव्हा टोपलीत कुणीतरी नखाने खिडकी वाजवल्यासारखा आवाज आला. बदकी उठली. फुटलेल्या कवचांतून वर आलेल्या लांबच लांब मानांकडे तिने एकदा नीट पाहिलं, चुकीच्या स्टँडवर उतरलेल्या बाईसारखी ती दोन पावलं मागे सरली आणि सरळ कालव्यात निघून गेली. परत आली नाही. नऊच्या नऊ ओली मुंडकी फोनकडे वळली होती.

“अंडं फुटताना जो बोलतो, ती आई,” सातव्या मावशीने दुसऱ्या दिवशी येऊन निदान केलं. पिल्लं काकांच्या हातचं काही खात नव्हती. “तू काय करत होतास तेव्हा?”

“गप्प बसलो होतो.”

“मग बस आता.”

पण जाता जाता तिनेच सगळं शिकवलं. जेवताना लायचा तो जुना निरोप लाव, तिच्या आवाजाला खातील. टोपलीवर साठचा बल्ब टांग. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय, भिंतीला चिकटली तर उकडतंय, आणि पसरून झोपली तर तुला अक्कल आली. तूस रोज बदल. रोज मूठभर कोंडा दे, नाहीतर पाय फाकतात. पाण्यात सोडू नकोस; आईच्या पंखांचं तेल अंगाला लागलेलं नाही, भिजून गारठतील. हंस असून बुडून मेला तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही तुला.

एकाचे पाय तरीही फाकले. तुसावर ते बेडकासारखं पसरे आणि बाकीची आठ त्याच्या अंगावरून ताटलीकडे जात. त्याचे दोन पाय जवळ आणून मऊसर काहीतरी बांधायला हवं होतं. काकांनी घरभर शोधलं. शेवटी आरशाच्या खिळ्याला अडकवलेला एक जांभळा, कापड गुंडाळलेला केसांचा रबर सापडला. तो तीन वर्षं तिथेच होता. त्यात एक लांब केस अडकला होता. काकांनी रबर आठाच्या आकड्यासारखा पिळून पिल्लाच्या पायांत घातला. केस काढला नाही.

कागद सहाव्या दिवशी आला. तो घेऊन आला हियू, वस्तीच्या नोंदणी कार्यालयातला तरुण अंमलदार. शाळेत तो लायच्या मागच्या बाकावर बसायचा, आणि तेव्हापासून त्याला पाठमोऱ्या माणसाशीच नीट बोलता येई.

“काका, इथे सही.”

“पिल्लांना भरवतोय.”

“मी थांबतो.”

तो थांबला. निरोप बावीस वेळा वाजला. हियूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. जेवण संपलं तेव्हा काका म्हणाले, “आता झोपतील. त्यांना झोपवायचंय,” आणि हियू टोपी घालून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला.

“काका, ती सही.”

“पिल्लांना भरवतोय.”

“मागच्या आठवड्यातही भरवतच होता.”

“मागच्या आठवड्यातही भूक लागत होती त्यांना.”

हियूने यावर थोडा विचार केला आणि पायरीवर बसला. सहीची आठवण करून द्यायला त्याला दिवसाचे चोवीस तास मोकळे होते. पण तो नेमका पिल्लांच्या जेवणाच्याच वेळी यायचा. वस्तीत हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. सातवी मावशी एरवी असल्या गोष्टीचा बभ्रा करायला बोलावण्याची वाट पाहत नसे. याबद्दल मात्र ती काही बोलली नाही. ती फक्त त्याच्यासाठी कालव्यापलीकडून बर्फ घातलेली कॉफी पाठवू लागली.

“सही केली नाही तर काय होईल?” काकांनी एकदा कणी कालवता कालवता विचारलं.

“काही होणार नाही,” हियू म्हणाला. “तेच तर. तिचं तिथे काहीच होणार नाही.”

काकांनी कणीतला एक खडा वेचून लांब टाकला.

पिल्लं अठरा दिवसांची झाली आणि वाळू उपसणाऱ्या एका बोटीने आपल्या यारीचा लांब हात खाली न घेता कालव्यावरची विजेची तार ओढून नेली. तारेबरोबर खांब गेला, आणि खांबाबरोबर सातव्या मावशीचं धुणं. बोटवाला म्हणाला, तार खाली होती. मावशी म्हणाली, तुझं डोकं खाली होतं. दुरुस्तीला माणसं यायला दोन दिवस लागणार होते.

काकांचा फोन दुपारी मेला.

बल्ब गेल्याचं काही नव्हतं. काकांनी बाटल्यांत गरम पाणी भरून त्या फडक्यात गुंडाळल्या आणि टोपलीत ठेवल्या. पण दुपारच्या जेवणाला पिल्लं ताटलीसमोर उभी राहिली आणि उभीच राहिली. तीन वाजता नवी भाजी चिरली. पाण्यावरची टिकल्यांएवढी हिरवी पानं चाळणीने गोळा करून आणली. एरवी त्यांच्यासाठी ती एकमेकांच्या डोक्यावर चढत. त्यांनी काळ्या काचेकडे पाहिलं आणि बारीक, तुटक आवाज काढला.

सातवी मावशी बाह्या सारून आली. “सर बाजूला. मी लहानपणापासून ऐकलंय तिला,” ती म्हणाली, आणि गळा चिमटीत धरून किनरा आवाज काढत बोलली, “बा, जेवलात का?”

एका पिल्लाने तिचा अंगठा धरला.

“कृतघ्न,” मावशी म्हणाली आणि अंगठा चोखत परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रबरवालं पिल्लू उठेना. त्याची मान तुसावर आडवी पडली होती, आणि डोळ्यावर ती खालून वर येणारी पातळ पापणी अर्धीच आली होती. काकांनी त्याला तळहातावर घेतलं. ते वजनाला काहीच नव्हतं. काकांनी मागे पाहिलं, पलीकडे पाहिलं, कालव्यात दोन्ही बाजूंना पाहिलं. मग ते टोपलीवर वाकले.

“बा,” ते म्हणाले, आणि खाकरले.

पिल्लं गप्प झाली.

“बा, जेवलात का?” साठीतला, तंबाखूने चिरलेला आवाज त्यांनी शक्य तितका वर नेला. “नुसत्या मिठाबरोबर भात उरकू नका. भाजी करा.” इथे त्यांना थांबावं लागलं. पुढचं पाठ नव्हतं असं नाही. पुढचं त्यांना झोपेतही आलं असतं. “आणि हळू जेवा हो. कुणी पळवत नाही.”

तळहातावरची मान हलली. टोपलीतून आधी एक चोच ताटलीवर वाजली, मग आठ.

‘बरं, ठेवते’ एवढं काकांनी गाळलं.

त्या सकाळी ते एकच वाक्य पस्तीस-चाळीस वेळा म्हणाले. स्वतःच विचारत होते, आणि समोर उत्तर द्यायला पिल्लांशिवाय कुणी नव्हतं. कालव्यापलीकडे मावशीचं दुकान उघडं होतं, मावशी दारातच बसलेली दिसत होती. पण त्या दिवशी तिने “जेवले, जेवले” असं ओरडून उत्तर दिलं नाही. खालून दोन होड्या गेल्या, त्यांनीही नाही.

तिसऱ्या दिवशी वीज आली. काकांनी फोन चार्ज केला, फडक्याने पुसला आणि फडताळावर काकूच्या तसबिरीशेजारी ठेवला. पिल्लांना तो आता लागत नव्हता. काकांनी पायरीवर नुसतं ‘बा’ म्हटलं की नऊ जण पळत येत; रबर आता काढला होता, ते पिल्लू तर सगळ्यांत पुढे असे. हियू एकदा येऊन बसला, निरोप वाजायची वाट पाहिली, काकांचा आवाज ऐकला, आणि कागदाचं नाव न काढताच उठून गेला.

रविवारी दुपारी लायचा फोन आला.

“बा, सातव्या मावशीने सांगितलं मला सगळं. मी म्हणे आई झाले.”

“नऊ जणांची.”

“इथे एकाच्याच लाथांनी जीव जातोय माझा.” ती हसली. सातवा महिना लागला होता. वाक्यावाक्याला तिला दम लागत होता. “खरंच माझ्या आवाजाला येतात?”

“येतात म्हणजे काय. जेवत नाहीत त्याशिवाय.”

“मला ऐकवा ना. फोन ठेवा त्यांच्यापुढे.”

काकांनी फोन पायरीवर उताणा ठेवला. पिल्लं अंगणात होती. पिल्लं म्हणायची इतकंच. पंखांच्या मुळाशी पांढरी पिसं फुटली होती, आणि चालताना ती मामलेदारासारखी पोटं पुढे काढत.

“बा, जेवलात का?” लाय म्हणाली.

पिल्लं गवत उपटत राहिली. एकाने फोनपाशी येऊन काचेवर दोनदा चोच मारली, ते खाण्यातलं नाही असं ठरवलं आणि ते काकांच्या पावलावर बसलं.

“नुसत्या मिठाबरोबर भात उरकू नका. भाजी करा,” फोन म्हणाला. तेच शब्द होते. आवाजही तिचाच होता, खोटं कशाला बोला. पण शब्दांच्या शेवटी ती आता कुठेतरी वेगळीकडे वळत होती, तिकडच्या बायका वळत असतील तशी. “आली का हो?”

काकांनी अंगणाकडे पाहिलं. आठ पाठी. एक पावलावर.

“आली का, बा?”

काकांनी खाली वाकून फोनवर तळवा दाबून धरला. तोंड अंगणाकडे केलं आणि हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “बा, जेवलात का?”

मग तळवा काढला.

आठही ओरडत, पंखांचे खुंट फडफडवत, एकमेकांना तुडवत पायरीवर येऊन आदळली आणि नववं पावलावरून उठून त्यांच्यात घुसलं. एकाने फोन उलटा केला. बराच वेळ नुसता गोंगाट चालला होता. काकांनी फोन कानाला लावला तेव्हा पलीकडे लाय हसत होती, मग हसत नव्हती, मग तिने नाक ओढलं.

“केवढी भूक लागलीय हो त्यांना,” ती म्हणाली.

“सगळी आली.”

“नऊच्या नऊ?”

“नऊच्या नऊ.”

तिच्यामागून कुणीतरी काहीतरी विचारलं. लायने फोन तोंडापासून दूर नेला आणि तिकडच्या भाषेत भराभर उत्तर दिलं. मागचं माणूस काही बोललं. लाय खो-खो हसली. काका ऐकत राहिले. त्यांना एक अक्षरही कळलं नाही. पण हसणं घाईचं नव्हतं, भाड्याचंही नव्हतं. ज्या घरात आपलं ताट कुठल्या फळीवर आहे हे माणसाला न बघता कळतं, त्या घरातलं होतं.

“बा, त्या कागदाची घाई नाही हां,” ती परत फोनवर आली. “तुम्हाला सवड होईल तेव्हा.”

“गुरुवारी जातो,” काका म्हणाले. “बुधवारी कोंडा आणायचाय.”

तेव्हा आता सही झाली असं म्हणायला हरकत नाही. गुरुवारी काका इस्त्रीचा सदरा घालून कालव्याच्या बांधावरून कार्यालयात गेले. पिल्लांना घरी राहा म्हणून सांगितलं होतं. ती मागून आली. नऊ जण ओळीने कार्यालयाच्या पायऱ्या चढले, पाणी पिण्याच्या पिंपापाशी थांबले आणि हियूच्या टेबलाखाली जाऊन बसले. एक बाई जन्माचा दाखला घ्यायला आली होती. तिने पाय खुर्चीवर घेतले.

काकांनी सही केली. हियूने कुटुंबवही उघडली. पानावर तीन ओळी होत्या. काकूच्या ओळीवर सहा वर्षांपूर्वीची रेघ होती. हियूने पट्टी लावली, लाल पेन उचललं, पट्टी पुन्हा सरळ केली, आणि पुन्हा एकदा सरळ केली.

“सरळच आहे,” काका म्हणाले.

हियूने रेघ मारली, शिक्का उमटवला आणि त्यावर उगाचच फुंकर घातली.

“आता तो दुसरा फॉर्म दे,” काका म्हणाले.

“कुठला?”

“घरचं माणूस काही दिवस बाहेरगावी गेलं की भरतात तो. तात्पुरत्या गैरहजेरीचा.”

“कोण गेलंय?”

काकांनी वहीकडे बोट केलं.

“काका,” हियू आवाज खाली आणून म्हणाला, “ज्याचं नाव वहीत नाही, त्याची गैरहजेरी कशी लावू? आधी हजर असायला लागतं.”

“म्हणून तर अर्ज करतोय. नियमात बसत असतं तर तुला नुसतं सांगून गेलो असतो.”

हियूने साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं. मग खण उघडून फॉर्म काढला आणि स्वतःचं पेन टोपण काढून पुढे केलं. टेबलाखालून कुणीतरी त्याच्या बुटाची नाडी ओढत होतं. त्याने पाय हलवला नाही. काकांनी पाऊण तास लिहिलं. ओळींत मावेना तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं.

तो अर्ज अजून आवक पेटीत आहे. तो असा, माथ्यावरच्या छापील सरकारी ब्रीदासकट:

स्वाधीनता – स्वातंत्र्य – सुख

विषय: तात्पुरत्या गैरहजेरीची नोंद घेणेबाबत.

अर्जदार: ले वान थोय, कुटुंबप्रमुख. कुटुंबातील एकूण व्यक्ती: एक.

गैरहजर व्यक्ती: ले थी लाय, मुलगी, धाकटी.

कोठे गेली: तैवान.

कारण: संसार.

सोबत कोणी असल्यास: एक. नाव अद्याप ठेवलेले नाही.

परत येण्याची तारीख: व्यक्तीला विचारलेले नाही. विचारू नये असे अर्जदाराचे मत आहे.

महोदय, अर्जदार हा स्वतः बावीस वर्षे नारळ वाहणाऱ्या होडीवर कामास होता व महिन्यातून दोन दिवस घरी येत असे. वरील व्यक्तीचा जन्म झाला त्या दिवशीही तो घरी नव्हता. चौदा दिवसांनी आला. एवढ्या काळात त्याचे नाव वहीतून कोणीही कमी केले नाही, व तो कुठला आहे असेही कोणी विचारले नाही. अर्जदारास जी सवलत मिळाली तीच त्याच्या मुलीस देण्यात यावी. रेघ मारली आहे ती नियमास धरून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र सदर व्यक्ती गेलेली नसून बाहेर आहे असे समजण्यात यावे, आणि तिची जागा कार्यालयाच्या दप्तरी रिकामी धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.